कामाच्या दौऱ्यात घरगुती हॅलोवीन: भोपळा, बिया आणि उलटी पावलं

हॅलोवीन म्हणजे ३१ ऑक्टोबरची संध्याकाळ, मुलं भुताखेतांचे वेश करून घरोघरी खाऊ मागत फिरतात आणि दारोदारी कोरलेले भोपळे ठेवतात. हॉटेलच्या खोलीत तो होत नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा. तिथलं दार वाजवायला कोणी येत नाही, आणि आलंच तर टॉवेल बदलायला येतं. हॅलोवीनला लागतं घर, घराला पायऱ्या आणि पायऱ्यांवर बसणारं माणूस. तेव्हा ऑक्टोबरअखेर अमेरिकेचा दौरा ठरला, तर भोपळ्याच्या आधी घर शोधा.

मी चिंचवडची, क्वालिटीत आहे. २०२४च्या ऑक्टोबरात एका मशीनच्या ट्रायलसाठी मला तीन आठवडे पिट्सबर्गला पाठवलं होतं. त्या वर्षी ३१ ऑक्टोबरला तिकडे हॅलोवीन आणि इकडे नरक चतुर्दशी. घरची दिवाळी बुडालीच होती, म्हटलं निदान तिथली भुतं तरी बघून येऊ.

घर कसं मिळवायचं? जेवणाच्या सुट्टीत सहज म्हणायचं, "मी आयुष्यात भोपळा कोरला नाही." बस्स. आपल्याकडे एखाद्या परदेशी माणसाने "मी पुरणपोळी कधी खाल्ली नाही" म्हटल्यावर जे होतं, तेच तिकडे होतं. मला पाच मिनिटांत दोन आमंत्रणं आली. त्यातलं खरेदी विभागातल्या एका बाईंचं घेतलं. वयाने माझ्या आत्याएवढ्या, मुलं परगावी, घराला पुढे ओटा आणि चार पायऱ्या. मात्र हे निदान आठवडाभर आधी बोला. आदल्या दिवशी बोललात तर भोपळेही संपलेले असतात आणि लोकांचे बेतही ठरलेले असतात.

बॅगेत काय घ्यायचं ते आता सांगते, कारण तिथे पोचल्यावर वेशभूषेवर पैसे घालवण्यात अर्थ नाही. एक जुनी सुती साडी, हिरवी असेल तर फारच छान. परकर-ब्लाऊज. काजळाची डबी, डझनभर सेफ्टी पिना, सुई-दोरा, अंगाच्या रंगाचे जुने पायमोज्यांचे दोन जोड. कोरायची सुरी वगैरे हातातल्या बॅगेत टाकू नका, सिक्युरिटीला काढून घेतात. मुलांना वाटायला घरचे लाडू नेऊ असं मनात असेल तर तेही राहू द्या. तिकडे अनोळखी घरातून आलेला उघडा पदार्थ आईबाप पोरांच्या हातात राहू देत नाहीत, पाकीटबंदच हवं. चिवडा न्या, पण ऑफिसच्या लोकांसाठी. आणि कस्टमवाल्यांना खाण्याचं सामान आहे असं खरं सांगा. सांगितलं की एखादा प्रश्न विचारून सोडतात, लपवलं तर दंड.

शहराबद्दल एकच गोष्ट. पिट्सबर्गला विमानतळावरून गाडीने येताना फोर्ट पिट बोगदा लागतो. बोगद्यात शिरेपर्यंत नुसते डोंगर, आणि बाहेर पडल्याक्षणी समोर पूल, नद्या, उंच इमारती, सगळं एकदम अंगावर येतं. खंडाळ्याचा बोगदा संपून दरी दिसते तसं, फक्त दरीच्या जागी शहर. आलेगनी आणि मोनोंगहेला या दोन नद्या तिथे मिळतात आणि पुढे ओहायो होते. म्हणजे सगळं गाव चढउताराचं. नकाशावर चारशे मीटर दिसतं म्हणून मी हातात पिशव्या घेऊन निघाले, तर वाटेत चक्क जिना. रस्त्याच्या नावाचा, पाटी लावलेला जिना! तिथे असे शेकडो सार्वजनिक जिने आहेत, टेकडीवर चढायला १८७०पासून दोरखंडाने ओढला जाणारा डबाही आहे. म्हणून तिथे कुठेही जाताना अंतर बघू नका, चढ बघा. भोपळा घेऊन जाताना तर नक्कीच.

भोपळा

ऑक्टोबरात सुपरमार्केटच्या दारात पुठ्ठ्याचे हौद भरून भोपळे ठेवलेले असतात. मी जायंट ईगलमधून घेतला. बूड सपाट आहे ना, ते जमिनीवर ठेवून बघा, डुगडुगणारा घेऊ नका. नखाने दाबून मऊ जागा शोधा, एक जरी सापडली तरी तो सोडा. देठ हिरवट आणि घट्ट हवा, पण देठाला धरून उचलू नका, तुटतो आणि मग भोपळा टकला दिसतो. आकार आपल्या मांडीवर मावेल इतका. मी सात किलोचा घेतला आणि बसमध्ये मांडीवर घेऊन बसले. एरवी तीन आठवड्यांत बसमध्ये कोणी माझ्याशी अवाक्षर बोललं नव्हतं. त्या दिवशी चार जणांनी विचारलं, काय कोरणार? एका आजोबांनी तर दात कसे कोरायचे ते बोटाने काढून दाखवलं.

एक लक्षात ठेवा, कोरायचा भोपळा खायचा नसतो. तो पाणचट आणि धाग्यांचा असतो. खायला लहान, गोल, घट्ट गराचा मिळतो, त्याला तिकडे शुगर पंपकिन म्हणतात. मी तोही एक घेतला, घारग्यांसाठी.

आता कोरणं. हे ३० तारखेच्या संध्याकाळी करा, त्याआधी नको. कोरलेल्या भोपळ्याला दोन-चार दिवसांत बुरशी धरते, हवा गरम असली तर त्याहून लवकर. ओट्यावर वर्तमानपत्र पसरा. झाकण कापताना सुरी सरळ खाली घालू नका, तिरकी, आत देठाच्या दिशेने घाला. सरळ कापलेलं झाकण वाळलं की आत पडतं. झाकणाला एका जागी छोटी खाच ठेवा, म्हणजे परत बसवताना दिशा चुकत नाही. मग आतला गर. त्यासाठी चमचा कुचकामी, जाड डाव किंवा आइस्क्रीमचा स्कूप घ्या. जिथे चेहरा येणार तिथली भिंत खरवडून बोटाच्या पेरापेक्षा थोडी कमी जाडीची करा. हा कंटाळवाणा भाग आहे आणि सगळे इथेच घाई करतात. भिंत जाड राहिली की उजेड बाहेर पडत नाही आणि डोळे कापताना सुरी अडकते.

चेहरा कागदावर काढून तो भोपळ्यावर चिकटवा आणि रेघेवरून पिनेने ठिपके टोचा, रांगोळीच्या ठिपक्यांसारखे. मग कागद काढून ठिपके जोडत कापा. तिथे हंगामात छोट्या दातेरी करवती मिळतात, स्वयंपाकाच्या सुरीपेक्षा त्याच बऱ्या, सुरी सटकून हातात जाते. आधी डोळे, मग नाक, तोंड सर्वांत शेवटी, कारण तोंड कापलं की भोपळा कमजोर होतो. कापलेले तुकडे आतून बाहेर ढकला. कडांना बोटाने व्हॅसलिन फिरवा, सुकून आक्रसत नाहीत. आत बॅटरीचा दिवा ठेवा. मेणबत्तीच हवी असेल तर झाकणाला धुराडं पाडा आणि पदर लांब ठेवा.

मी हे करत होते तेव्हा तिकडे संध्याकाळचे सात वाजले होते, म्हणजे चिंचवडला पहाटेचे साडेचार. फोन वाजला. व्हिडिओवर मुलगा, तेल लावून, डोळे अर्धे मिटलेले, पंचा गुंडाळून न्हाणीघराच्या दारात उभा. मागून सासूबाईंचा आवाज, "डाव्या अंगठ्याने, डाव्या!" त्याने कारीट चिरडलं, नरकासुर मेला. मग त्याने विचारलं, "आई, तुझा हात केवढा नारंगी झालाय, काय करतेयस?" मी भोपळा कॅमेऱ्यासमोर धरला. सासूबाई चष्मा लावून पुढे आल्या. "अगं, सणासुदीच्या पहाटे भोपळ्याला दात काय काढतेस?" मी म्हटलं, आई, तुम्ही नातवाकडून कारीट फोडून घेतलंत, ते भोपळ्याच्याच कुळातलं, फक्त आकाराने लहान. त्यांना ते पटलं नाही. पण यजमानीणबाईंना फार आवडलं. त्यांनी सांगितलं, त्यांचं मूळ आयर्लंडचं, आणि तिकडे पूर्वी सलगम कोरायचे. अमेरिकेत आल्यावर भोपळा मिळाला, मोठा आणि कोरायला मऊ. मी त्यांना म्हातारीची गोष्ट सांगितली, भोपळ्यात बसून वाघाला चकवणारी. 'टुणूक टुणूक'चं इंग्रजी मला अजून सापडलेलं नाही.

बिया

बिया टाकू नका. धागे काढून धुवा, मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं उकळा, फडक्यावर पूर्ण कोरड्या करा. थोडं तेल चोळून ओव्हनमध्ये ३५० अंशांवर पंधरा-वीस मिनिटं, मध्ये एकदा हलवून. हे ३५० अंश फॅरनहाइट, हे मुद्दाम सांगतेय. मी आपल्या सवयीने १८० लावलं. अर्ध्या तासाने बघते तर बिया जशाच्या तशा ओलसर. चिडून एकदम ४५० केलं आणि वर तिखट भुरभुरलं. तिखट जळाल्यावर काय होतं ते मराठी घरात वाढलेल्या माणसाला सांगायला नको. आम्ही दोघी खोकत बाहेर, धुराचा अलार्म कोकलतोय, शेजाऱ्यांचा कुत्रा त्याला साथ देतोय. तिखट नेहमी बिया बाहेर काढल्यावर, गरम असताना. दुसरा घाणा झकास झाला.

उलटी पावलं

तिकडे चेटकीण आणि सांगाडा झालेली माणसं पैशाला पासरी. आपल्याकडे भुतांचा असला साठा आहे, तो वापरा. सोडमुंज व्हायच्या आधी मेलेला मुंजा पुरुषांना सोपा, धोतर, सुतळीचं जानवं, शेंडी झाली की झालं. मी हडळ झाले. केस मोकळे, डोळ्यांखाली काजळ फिसकटलेलं, हिरवी साडी. पण हडळीची खरी ओळख उलट्या पावलांत.

ती अशी करा. पुठ्ठ्यावर स्वतःचं पाऊल आखून पाच बोटांसकट कापा, दोन्ही पायांची. त्यावर वर्तमानपत्राचे बोळे ठेवून फुगीर करा आणि वरून अंगाच्या रंगाचा मोजा ताणून चढवा. आता सुई-दोऱ्याने बोटांच्या मधल्या जागा आरपार टाके घालून आवळा, बोटं सुटी दिसायला लागतात. लाल नेलपॉलिशने नखं. दुसऱ्या बोटात चॉकलेटच्या चांदीची गुंडाळून केलेली जोडवी, हे विसरू नका, सगळा जीव त्यात आहे. ही पावलं आपल्या काळ्या बुटांच्या टाचेला, बोटं मागे करून, रुंद चिकटपट्टीने आणि पिनांनी पक्की करा. साडी पुढून जमिनीला टेकेल अशी नेसा, म्हणजे खरे बुटांचे शेंडे झाकले जातात, आणि मागून वीतभर वर. हे घालून जिना चढू-उतरू नका. एकदा पायरीपाशी जागा धरली की तिथेच. आत थर्मल घालायची तयारी ठेवा, ऑक्टोबरअखेर तिथे गारठा असतो. त्या दिवशी मात्र हवा नेमकी उबदार निघाली आणि माझे थर्मल बॅगेतच राहिले.

प्रत्यक्ष संध्याकाळ

पिट्सबर्गमध्ये मुलांनी फिरायची वेळ ठरलेली, ५:३० ते ७:३०. गावोगावी वेगळी असते, आधी विचारून घ्या. ओट्यावरचा दिवा चालू म्हणजे या, बंद म्हणजे नको. शेंगदाणा असलेलं चॉकलेट वेगळ्या भांड्यात ठेवा, तिकडे त्याची ॲलर्जी असलेली मुलं बरीच. एखाद्या दारात निळसर हिरवा भोपळा दिसला तर तिथे खाऊऐवजी खेळणं, पेन्सिल असलं काही मिळतं, अशा मुलांसाठीच. एकेकाला दोन-दोन द्या, मूठभर नको. आमच्याकडे साठेक पोरं आली, शेवटी माझ्या पर्समधल्या लिमलेटच्या गोळ्या निघाल्या.

पहिला तासभर माझी हडळ साफ फसली. साडी बघून प्रत्येक पोरगी म्हणायची, "यू आर अ प्रिन्सेस!" काजळ फिसकटलेली राजकन्या! मग एक चारेक वर्षांचा डायनासोर आला. भांडं रिकामं झालं होतं म्हणून मी मागच्या पिशवीकडे वळले. मागे एकदम शांतता. मग बारीक आवाजात, "मॉमी, हर फीट आर लुकिंग ॲट मी." मी मान वळवून बघितलं, तर तो खाली वाकून जोडव्यांना बोट लावून बघत होता. त्यानंतर मी प्रत्येकाला पाठ करूनच उभी राहिले. साडेसात वाजायच्या आत मोठी मुलं परत दुसऱ्यांदा आली, खाऊसाठी नाही, पावलांचा फोटो काढायला.

दुसऱ्या दिवशी उरलेली चॉकलेटं ऑफिसात नेऊन ठेवा, खोलीत ठेवलीत तर तुम्हीच संपवाल. भोपळा कचऱ्यात न टाकता यजमानांच्या खतात टाका, आमचा अर्धा तर सकाळी-सकाळीच खारींनी फस्त केला होता. १ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन होतं. शुगर पंपकिन किसून, इंडियन स्टोअरमधल्या गुळात शिजवून, मावेल तेवढी कणीक आणि चिमूटभर मीठ घालून बाईंच्याच स्वयंपाकघरात घारगे तळले. या वेळी खिडक्या आधीच उघडून ठेवल्या होत्या.

पावलं मी परत आणली. चिंचवडला बॅग उघडल्यावर मुलाने ती आधी पळवली, आणि सासूबाई अजून संध्याकाळी जिन्याचा दिवा लावल्याशिवाय खाली उतरत नाहीत.