खाली केलेल्या पद्मिनीचा टायर मडगार्डला घासतोय? या चुका टाळा

फियाट ११०० डिलाइट किंवा तिचीच पुढची आवृत्ती असलेली प्रीमियर पद्मिनी खाली केली, म्हणजे स्प्रिंगमध्ये बदल करून तिची उंची कमी केली, की तिचा तोल आणि रूप दोन्ही बदलतात, आणि पहिल्याच गतिरोधकावर मडगार्डखालून खरखर ऐकू येते. त्यावर बहुतेक गॅरेजांत एकच तोडगा निघतो, तो म्हणजे मडगार्डची कड ग्राइंडरने कापून टाकणे. हा उपाय सर्वात शेवटी यायला हवा, कारण टायर नेमका कोठे आणि का घासतो हे पाहिल्याशिवाय पत्र्याला हात लावणे म्हणजे निदानापूर्वीच शस्त्रक्रिया होय.

गाडी सपाट जमिनीवर उभी असताना टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये बोट घालून अंतर तपासणे ही सर्वात मोठी चूक आहे, कारण घासण्याचा प्रसंग येतो तो चाक वर दबलेले आणि स्टिअरिंग पूर्ण वळलेले असताना. या गाडीला पुढे विशबोन (चाक धरून वर-खाली हलणारे आर्म) आणि कॉइल स्प्रिंग, तर मागे सलग अ‍ॅक्सल आणि पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंग) आहेत, त्यामुळे दोन्ही टोकांची तपासणी वेगवेगळी करावी लागते. पुढच्या बाजूला चेसिस भक्कम स्टँडवर ठेवून, योग्य साधनाने दाब सोडवून कॉइल स्प्रिंग बाहेर काढावी, चाक बसवून खालचा आर्म जॅकने बंप स्टॉपला (चाकाची वर जाण्याची मर्यादा ठरवणाऱ्या ठोकळीला) टेकेपर्यंत उचलावा आणि स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे. मागे डिकीत आणि सीटवर नेहमीचे वजन ठेवून अ‍ॅक्सलचे एकच टोक उचलावे, म्हणजे वळणावर गाडी कलंडते तेव्हा काय घडते याचा अंदाज येतो. कडेच्या आतल्या बाजूला खडू फासून एक फेरी मारली की घासण्याची नेमकी जागा स्वतःच उघडी पडते.

टायर एकाच बाजूला घासत असेल तर दोष बहुधा मडगार्डचा नसतो. पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट सरकलेला असणे, शॅकलचे (पाट्याचे टोक गाडीला जोडणाऱ्या दुव्याचे) बुश झिजलेले असणे किंवा जुन्या अपघातानंतर मडगार्ड तिरके बसवलेले असणे, ही कारणे कित्येक दशके वापरलेल्या गाडीत सहज सापडतात. दोन्ही बाजूंचे अंतर चेसिसवरील समान बिंदूपासून मोजल्यास अ‍ॅक्सल मध्यावर आहे की नाही हे लगेच कळते, आणि हे मोजमाप कोणी घेत नाही याचे नवल वाटते.

गाडी खाली करण्याची पद्धतच पुष्कळदा घासण्याचे मूळ असते. मागचा एखादा पाटा काढून टाकला की गाडी खाली तर बसते, पण स्प्रिंगही मऊ होते, आणि मागे तीन माणसे बसताच चाक पूर्वीपेक्षा अधिक वर जाते. तेवढ्याच उंचीसाठी अ‍ॅक्सल आणि पाट्यांच्या रचनेनुसार योग्य धातूचा एकच ठोकळा, पुरेशा लांबीच्या यू-बोल्टसह आणि सेंटर बोल्टचे डोके नीट खाचेत बसेल असा लावला तर स्प्रिंगचा ताठपणा कायम राहतो. मात्र ठोकळ्यावर ठोकळा रचणे धोक्याचे आहे. पुढची कॉइल गॅसने तापवून बसवणे तर मुळीच नको, कारण त्यामुळे पोलादाचा टेंपर (त्याचा लवचिक कणखरपणा) जातो. बंप स्टॉप कापणाऱ्याने चाकाला थांबवणारी शेवटची वस्तूच काढून टाकलेली असते.

रिमचा हिशेब कागदावर करावा. पाच इंची रिमऐवजी सहा इंची रिम घेतला आणि ऑफसेट (रिमचा मध्य आणि हबला टेकणारा भाग यांतील अंतर) १५ मिमीने कमी केला, तर रुंदीचे १२.७ आणि ऑफसेटचे १५ मिळून बाहेरची कड २७.७ मिमी बाहेर येते, तर आतली कड २.३ मिमीने चेसिसपासून दूर जाते. म्हणजे जागा आत मिळते आणि अडचण बाहेर होते. टायरचा व्यासही तितकाच महत्त्वाचा. १६५/८० आर१४ टायरचा व्यास सुमारे ६२० मिमी, तर १७५/६५ आर१४ चा सुमारे ५८३ मिमी भरतो, त्यामुळे चाकाच्या वरच्या बाजूला अठरा मिमीच्या आसपास जागा मोकळी होते, अर्थात स्पीडोमीटर सुमारे सहा टक्के जास्त वेग दाखवू लागतो. कॅम्बर (चाकाचा उभ्या रेषेपासूनचा कल) ओढून टायरचा माथा आत घेण्याची युक्ती टायरच्या आतल्या कडेची झीज वाढवते. गाडी खाली केल्यावर अलाइनमेंट मात्र अवश्य करून घ्यावे.

एवढे करूनही कड आड येत असेल तर ती कापण्याऐवजी आत वळवावी. त्याआधी चुंबक फिरवून पत्र्यावर लांबी (पुट्टी) किती भरली आहे ते पाहावे, कारण जाड लांबी वळवताना तडकते. हीट गनने रंग चांगला गरम करून रोलरने थोडे थोडे, अनेक फेऱ्यांत वळवावे. टायर आणि कडेमध्ये दांडा घालून गाडी पुढेमागे ढकलल्यास पत्र्यावर लाटा उठतात. कापलेल्या कडेत पत्र्याच्या जोडातील स्पॉट वेल्ड सुटतात, पाणी शिरते आणि कोकणातल्या एका पावसाळ्यात गंज आतून पसरतो. म्हणून वळवलेल्या कडेलाही आतून प्रायमर आणि सीलंट हवेच.

१९६० च्या दशकातील डिलाइट असेल तर आणखी एक विचार करावा. २०२१ च्या सुधारित नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी गाडी विंटेज म्हणून नोंदवायची असल्यास ती मूळ स्वरूपात असावी लागते, आणि चेसिस किंवा बॉडीतील मोठे फेरफार त्या आड येतात. अशा गाडीवर मूळ रिम आणि पाटे जपून ठेवून परत बसवता येतील असेच बदल करावेत, आणि ग्राइंडर दूरच ठेवावा.