आंदोलनाच्या दिवशी तास कसा घ्यावा

विद्यार्थी संघटनेने 'कॉलेज बंद'ची हाक दिली की स्टाफरूममध्ये पहिला प्रश्न येतो, 'उद्या तास आहेत की नाहीत?' प्राचार्यांची लेखी सूचना नसेल तर तास आहेत असेच धरावे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018च्या नियमांनुसार वर्षात 180 अध्यापन दिवस भरायचे असतात. मुले आली नाहीत म्हणून आपण परस्पर सुट्टी लिहू शकत नाही.

आदल्या संध्याकाळी वर्गाच्या ग्रुपवर एकच संदेश टाकावा: तास ठरल्या वेळी होईल, नवा भाग शिकवणार नाही, चाचणी होणार नाही, जे होईल त्याच्या नोट्स रात्रीपर्यंत टाकेन. 'या' किंवा 'येऊ नका' यातले काहीही लिहू नये. दोन्हींचे स्क्रीनशॉट फिरतात.

120 जणांच्या तुकडीत 15 आले तर काय शिकवायचे? मागील प्रश्नपत्रिकांमधले दोन प्रश्न सोडवणे, शंका, किंवा पाठ्यपुस्तकातला एखादा अवघड उतारा सावकाश वाचणे. जे पुढच्या तासाला पायाभूत लागेल ते टाळावे, नाहीतर उरलेल्या 105 जणांसाठी सगळे पुन्हा घ्यावे लागते आणि आलेले 15 कंटाळतात. 'आलात म्हणून परीक्षेला येणारे प्रश्न सांगतो' हा मोह तर अजिबात नको. ते बक्षीस आलेल्यांना असते, पण शिक्षा बाहेर बसलेल्यांना होते. आंदोलनात कोण बरोबर हे ठरवायचा तो तासही नव्हे. विषय राज्यशास्त्राचा असेल आणि मुद्दा अभ्यासक्रमात असेल तर चर्चा जरूर घ्यावी. मात्र आंदोलनाच्या ठिकाणी वर्ग नेऊन त्याला क्षेत्रभेट म्हणू नये.

प्रॅक्टिकलला जास्त विचार लागतो, कारण बरेच प्रयोग मधेच सोडता येत नाहीत. टायट्रेशन चालते: गडबड झाली तर ब्युरेट (द्रव थेंबाथेंबाने सोडायची मोजनळी) रिकामे करून पाच मिनिटांत बाहेर पडता येते. रिफ्लक्स (द्रव बराच वेळ उकळत ठेवणे), डिस्टिलेशन (ऊर्ध्वपातन), ज्वालाग्राही ईथर वापरायचे प्रयोग त्या दिवशी लावूच नयेत. सूक्ष्मजीवशास्त्रात जिवाणूंच्या वाढीचा आलेख पुढे ढकलावा. ठरावीक मिनिटांनी घ्यायचे एक वाचन चुकले की आख्खा प्रयोग वाया जातो. आदल्या दिवशी जिवाणू वाढायला ठेवलेल्या प्लेट इन्क्युबेटरमध्ये असतील तर ठरल्या वेळी काढून 4 अंशांच्या फ्रिजमध्ये ठेवायला लॅब असिस्टंटला सांगून ठेवावे. निरीक्षण दुसऱ्या दिवशी करता येते. गॅसची मुख्य कळ कोण बंद करणार, हे बॅच आत येण्याआधीच ठरवावे.

घोषणा देत घोळका दाराशी आला तर दार लावून घेऊ नये आणि उंबऱ्यावर वादही घालू नये. 'दोघांनी आत या, पाच मिनिटे बोला,' असे सांगितले की बहुतेक वेळा आवाज खाली येतो. नंतर ज्यांना जायचे त्यांना जाऊ द्यावे. बसणाऱ्यांवर दबाव येत असेल तर मात्र मध्ये पडावे. मोबाइलवर चित्रण करू नये, कारण भांडण तिथूनच सुरू होते. पोलीस बोलवायचे की नाही हा निर्णय प्राचार्यांचा असतो. आपण विभागप्रमुखांना फोन करावा, बस्स. रास्ता रोको होणार असेल तर एसटीने येणाऱ्या मुलांना शेवटच्या तासाला थांबवू नये.

खरा गोंधळ हजेरीत होतो. गैरहजराला दयेपोटी हजर मांडणे म्हणजे मस्टरमध्ये खोटी नोंद करणे. पण 15 जणांसह झालेला तास 'झाला' म्हणून धरला की तो सगळ्यांच्याच एकूण तासांत जमा होतो. दोन क्रेडिटच्या थिअरीचे 30 तास असतील तर 75 टक्के हजेरीच्या अटीसाठी 23 तास लागतात, म्हणजे गैरहजेरीला जागा फक्त सातची. त्यातला एक असा गेला, तर आधीच आजारपण किंवा क्रीडास्पर्धांमुळे काठावर असलेली मुले अडकतात. भरपाईचा जादा तास घेऊन तो एकूणात वेगळा मिळवला तर ते 31 होतात आणि अट 24 वर जाते, म्हणजे उपकार करायला जाऊन गळ्याला फास. म्हणून विभागाने लेखी ठरवावे: जादा तास ही त्याच तासाची दुसरी पाळी, दोहोंपैकी एकाला हजर असले तरी हजेरी एकच, एकूण तास 30च. टीचिंग डायरीत (शिक्षकाच्या रोजच्या तासांच्या नोंदवहीत) मात्र दोन्ही तारखा, दोन्ही वेळची उपस्थिती आणि 'आंदोलनामुळे उपस्थिती कमी' एवढा शेरा असावा. कोण आंदोलनात होते याची नावे डायरीत लिहू नयेत.

जादा तास शक्यतो त्याच आठवड्यात, मधल्या सुट्टीला लागून घ्यावा. शनिवारी दुपारी ठेवला तर एसटीच्या पासवाली मुले गावी निघालेली असतात आणि पुन्हा तेच 15 समोर बसतात.