टोरेंटचा रेशो वाढवायचाय? आधी पोर्ट उघडा

टोरेंट म्हणजे एकच फाइल अनेकांनी तुकड्यातुकड्यांत एकमेकांना देण्याची पद्धत. त्यात तुम्ही इतरांना जेवढा डेटा दिला, त्याला तुम्ही घेतलेल्या डेटाने भागलं की रेशो मिळतो. ४ जीबी घेतले, ६ जीबी दिले, तर रेशो १.५. सोलापुरात घरच्या फायबरवरून मी कित्येक वर्षं डेबियन, उबुंटू (मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) आणि लिबरऑफिस (मोफत ऑफिस सॉफ्टवेअर) यांचे टोरेंट सीड करतोय, म्हणजे पूर्ण फाइल इतरांना देत राहतोय. या काळात सगळ्यात जास्त वेळा ऐकलेला सल्ला म्हणजे 'कनेक्शनची मर्यादा दोन हजार करा'. अजिबात करू नका. घरातला साधा राउटर तेवढ्या जोडण्यांनी गुदमरतो आणि अख्ख्या घराचं नेट बसतं. खोटा रेशो दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या तर वाटेलाही जाऊ नका. खाजगी ट्रॅकर, म्हणजे फक्त सभासदांसाठीच्या टोरेंट साइट, त्यासाठी खातं बंद करतात, आणि समोरच्याला फाइलचा एक तुकडाही मिळत नाही.

टोरेंट चालवायला क्यूबिटटोरेंट हे सॉफ्टवेअर टाका. मोफत आहे, जाहिराती नाहीत. सीड फक्त तेच करा जे वाटायची उघड परवानगी आहे.

आता पोर्ट, म्हणजे बाहेरच्यांना तुमच्या क्यूबिटटोरेंटपर्यंत यायचं क्रमांक असलेलं दार. माझे महिने इथेच गेले, म्हणून सविस्तर सांगतो. पोर्ट बंद असला तरी तुम्ही दुसऱ्यांना जोडू शकता, पण बाहेरून तुमच्याकडे कुणी येऊ शकत नाही. सीड करणाऱ्याला तर लोक आपल्याकडे यायलाच हवे असतात. त्यात समोरच्याचाही पोर्ट बंद असला, तर तुमची दोघांची गाठ सहसा पडतच नाही. डाउनलोड झकास चालतं आणि अपलोड शून्याजवळ घुटमळतं, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

क्यूबिटटोरेंटच्या सेटिंगमध्ये 'कनेक्शन'मध्ये जा, ४९१५२ ते ६५५३५ मधला एक आकडा पोर्ट म्हणून टाका आणि दर वेळी नवा पोर्ट निवडण्याची खूण असेल तर काढा. राउटरच्या पानावर तोच पोर्ट, टीसीपी आणि यूडीपी या डेटा पाठवायच्या दोन्ही पद्धतींसाठी, आपल्या कॉम्प्युटरच्या आयपीकडे (घरच्या नेटवर्कमधल्या त्याच्या पत्त्याकडे) वळवा. विंडोजच्या फायरवॉलमध्येही क्यूबिटटोरेंटला परवानगी द्या. पोर्ट उघडला का ते तपासताना क्यूबिटटोरेंट चालू ठेवा. ते बंद असताना तपासलं तर पोर्ट बंदच दिसणार, आणि तुम्ही बरोबर असलेली सेटिंग उगाच बिघडवत बसाल.

माझी चूक पुढची होती. उन्हाळ्यात एकदा तीन आठवडे रेशो ०.३ वर अडकला. दुपारी लाईट जायची, आली की राउटर नव्याने सुरू व्हायचा आणि घरातल्या सगळ्या उपकरणांना नव्याने आयपी वाटायचा. माझ्या कॉम्प्युटरचा १९२.१६८.१.५ आता भावाच्या मोबाईलकडे गेला होता, मला १९२.१६८.१.९ मिळाला होता, आणि राउटर सगळी येणारी माणसं इमानेइतबारे त्या मोबाईलकडे पाठवत होता. म्हणून पोर्ट वळवायच्या आधी राउटरमध्ये कॉम्प्युटरचा मॅक पत्ता (त्याच्या नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) देऊन त्याचा आयपी राखून ठेवा. लाईट ये-जा करणाऱ्या भागात ही पायरी टाळून चालतच नाही.

एवढं करूनही पोर्ट बंदच दिसला तर राउटरच्या पानावरचा वॅन आयपी, म्हणजे नेटवाल्याने राउटरला दिलेला पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. म्हणजे एकच सार्वजनिक आयपी अनेक घरांत वाटलेला आहे आणि तुमच्या राउटरमध्ये काहीही केलं तरी उपयोग नाही. नेटवाल्याला फोन करून स्पष्ट शब्दांत मागा: "मालक, मला पब्लिक आयपी पाहिजे." 'स्पीड वाढवून देतो' म्हणाले तर नको म्हणा, त्याने हा प्रश्न सुटत नाही. थोडे जास्त पैसे पडतात, पण माझ्या मते रेशोसाठी खर्च करायचाच असेल तर इथेच करा. तोवर आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचा आयपी, मिळत असेल तर ते सुरू करा. त्यात नॅट (एक आयपी अनेकांत वाटणं) लागत नाही, फक्त राउटरच्या फायरवॉलमध्ये पोर्ट उघडावा लागतो. फायबरच्या डब्याला पुढे स्वतःचा राउटर जोडला असेल, तर दोन्हीकडे नॅट चालतो. डबा ब्रिज मोडवर करून घ्या, म्हणजे नॅट फक्त तुमच्या राउटरमध्ये राहील.

क्यूबिटटोरेंटच्या खालच्या पट्टीत हिरवं चिन्ह आलं की अवघड भाग संपला.

अपलोडची मर्यादा खऱ्या वेगाच्या ८० टक्के ठेवा. १० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १,२५० केबी. तिथे १,००० टाका. मर्यादाच काढून टाकली तर डाउनलोडच्या पोचपावत्याही त्याच गर्दीत अडकतात आणि घरात व्हिडिओ कॉल तुटायला लागतात.

फाइल निवडताना सीड (पूर्ण फाइल देणारे) आणि पीअर (अजून घेणारे) हे दोन्ही आकडे बघा. सीड कमी आणि पीअर जास्त, तिथे जागा आहे. उबुंटूची नवी आवृत्ती एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये येते, लिबरऑफिसची मोठी आवृत्ती फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये. पहिल्या काही तासांत मागणी असते. आठवड्याने गेलात तर शेकडो सीड आधीच बसलेले असतात. फारसं कुणी सीड न करणाऱ्या डीव्हीडी प्रतींचा रेशो हळू वाढतो, पण महिनोन्‌महिने वाढत राहतो, आणि घेणाऱ्याला तुमची खरी गरज असते. मी निम्मी डिस्क त्यांनाच दिली आहे.

रेशो १ झाला की टोरेंट थांबवणारी सेटिंग बंद करा. फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये न्यायची असेल तर क्यूबिटटोरेंटमधूनच जागा बदला. बाहेरून उचलून नेली तर टोरेंटला फाइल सापडत नाही आणि सीडिंग तिथेच थांबतं. तसं झालंच, तर नवी जागा दाखवून पुन्हा तपासणी चालवा, नव्याने डाउनलोड करू नका.