पुरावा मागायला जाण्याआधी

सरकारी योजनेबद्दलच्या एखाद्या दाव्याचा पुरावा मागायचा असेल तर सगळ्यात आधी तो दावा जसाच्या तसा उतरवून घ्या. कोण बोललं, कुठे, कोणत्या तारखेला. व्हिडिओ असेल तर कितव्या मिनिटाला. आपल्या शब्दांत लिहिलंत की 'आम्ही असं म्हटलंच नव्हतं' म्हणायला समोरचा मोकळा. मग त्या वाक्यातून सक्षम, ऐतिहासिक, सर्वसमावेशक असली विशेषणं खोडून टाका. 'या योजनेमुळे शाळेतली गळती निम्म्यावर आली' असं काहीतरी हाती उरलं तर पुढे जायचं. काहीच उरलं नाही तर ते भाषण होतं. त्याचा पुरावा मागत बसू नका.

आकडा असेल तर कितींपैकी किती, आधी किती आणि आता किती, हे तीन रकाने आखून ठेवा. ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीने इशारा दिला की काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका दुप्पट होतो. दुप्पट होता हे खरंच: सात हजार बायकांत एकीवरून दोघींवर. लोकांच्या कानी मात्र 'दुप्पट' तेवढंच पडलं. अनेकींनी घाबरून गोळ्या सोडल्या आणि पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात जास्त झाले असा अंदाज आहे. टक्केवारी दिसली की रिकामा रकाना आधी भरून मागा.

पुढचा प्रश्न तुलनेचा, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त तयारी इथेच लागते. 'योजना आली, आकडा सुधारला' एवढ्यावर बहुतेक दावे उभे असतात. वेग टिपणारे कॅमेरे घ्या. ज्या चौकात गेल्या वर्षी अपघात फार झाले, तिथेच ते बसवतात. पण फार वाईट गेलेल्या वर्षात थोडा योगायोगाचाही हात असतो, त्यामुळे काहीच न करता पुढच्या वर्षी आकडा खाली येण्याची शक्यता बरीच. म्हणून विचारायचं ते असं: तितकेच अपघात होत असलेल्या, पण कॅमेरा न बसवलेल्या चौकांत काय झालं? अमेरिकेत १९७० च्या दशकात वाट चुकलेल्या मुलांना तुरुंगात नेऊन जन्मठेपेच्या कैद्यांकडून दम भरवायची योजना गाजली. गुण येतो अशी सगळ्यांची खात्री होती. पण चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून घेतलेल्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा तुरुंग पाहून आलेल्या मुलांच्या हातून पुढे गुन्हे जास्तच घडल्याचं दिसलं.

अहवालाच्या नावावर समाधान मानू नका, मूळ तक्ता मागा. 'आपल्याला काय कळणार त्यातलं' हा संकोच घरी ठेवून या. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये मांडलं की सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलं की अर्थव्यवस्थेच्या वाढीचा सरासरी दर उणे ०.१ टक्क्यावर येतो. खर्चकपातीचे पाठीराखे हा निष्कर्ष जागोजागी पुढे करत होते. थॉमस हर्न्डन या विद्यार्थ्याला अभ्यासाचा भाग म्हणून आकडेमोड करताना तो आकडा काही जुळेना. त्याने लेखकांकडूनच एक्सेलची फाइल मिळवली. सूत्रात वीसपैकी पाच देश सुटले होते: ऑस्ट्रेलियापासून डेन्मार्कपर्यंत, वर्णानुक्रमे पहिले पाच. काही देशांची काही वर्षं गाळली होती, सरासरी काढायची रीतही वादाची होती. सगळं धरून २०१३ मध्ये त्याने आणि त्याच्या प्राध्यापकांनी काढलेला आकडा अधिक २.२ टक्के आला. हे घडलं ते लेखकांनी फाइल दिली म्हणून. त्याचं श्रेय त्यांनाही द्यायला हवं.

आता पत्राचा मसुदा. 'हा दावा खोटा नाही का?' असं लिहिलंत तर उत्तरादाखल भाषण येईल. त्याऐवजी: 'अमुक तारखेच्या या विधानाला आधार असलेल्या अभ्यासाचं शीर्षक, वर्ष, तो कोणी केला, किती जणांवर केला आणि त्याची प्रत कुठे मिळेल, हे कळवावं.' एका पत्रात एकच दावा. माहिती अधिकाराखाली विचारणार असाल (स्वीडनमध्ये असा कायदा १७६६ पासून आहे, भारतात २००५ पासून) तर लक्षात ठेवा की साधारणपणे दप्तरी असलेला कागद मिळतो, 'तुमचं मत काय' याचं उत्तर मिळत नाही. भाषा सभ्य ठेवा. पत्र बहुधा ज्याच्या टेबलावर पडतं त्याने तो दावा केलेला नसतो.

ठरलेली उत्तरंही आधीच लिहून ठेवा. 'तज्ज्ञांच्या समितीने सांगितलंय' आलं की समितीचा अहवाल, पान क्रमांक. 'आंतरराष्ट्रीय अभ्यास आहेत' आलं की त्यातला एक, नावासकट. 'प्रायोगिक टप्पा यशस्वी झाला' आलं की यशाची कसोटी सुरुवातीला ठरवली होती की नंतर. 'हा धोरणात्मक निर्णय आहे' असं कुणी सरळ म्हणालं तर वाद वेगळा. न्याय्य वाटतं म्हणून एखादी गोष्ट करायला सरकार मोकळं आहे, फक्त मग अभ्यासाचं नाव पुढे करू नये.

पाकीट बंद करण्यापूर्वी आणखी एक काम, जे बहुतेक जण टाळतात. काय मिळालं तर दावा मान्य कराल, हे दोन ओळींत लिहून तारीख टाका. कुठलाच पुरावा तुम्हाला पुरणार नसेल तर पत्र पाठवण्यात हशील नाही. पत्राची प्रत, पोच आणि आलेलं उत्तर एकाच फाइलमध्ये लावा. 'असा अभ्यास उपलब्ध नाही' एवढं एका ओळीचं उत्तर आलं तरी तो कागद फेकू नका. त्याने दावा खोटा ठरत नाही, पण पुढच्या वेळी तेच वाक्य व्यासपीठावरून ऐकू आलं तर तो दाखवता येतो.