सूत्र बरोबर आहे का? ताळा असा करावा

शेताच्या चारही बाजू मोजायच्या, समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढायची आणि दोन्ही सरासरींचा गुणाकार करायचा, की आलं क्षेत्रफळ. निफाडकडे द्राक्षबागेच्या बांधावर उभं राहून हा हिशेब करताना मी माझ्या मामांना लहानपणापासून पाहत आलोय. त्यांनी तो त्यांच्या वडिलांकडून घेतला. सूत्र इतकं हाताखालचं, की ते चुकत असेल असं कुणाच्या मनातही येत नाही. कुठल्याही सूत्राचा ताळा कसा करायचा, हे म्हणूनच याच सूत्रावर करून पाहू.

आधी सूत्र कागदावर उतरवा. प्रत्येक अक्षर म्हणजे काय आणि ते कोणत्या एककात आहे, हे शेजारी लिहा. मग नुसत्या एककांचा ताळा घ्या. इथे फूट गुणिले फूट, म्हणजे चौरस फूट. क्षेत्रफळाला हेच हवं. एकक जुळलं नाही तर सूत्र तिथेच बाद होतं. जुळलं, तर फक्त पुढे जायची परवानगी मिळाली असं समजा.

आता उत्तर आधीच माहीत असलेलं उदाहरण घाला. समजा, १३२ फूट बाय १६५ फुटांचं आयताकृती शेत आहे. सूत्राने २१,७८० चौरस फूट येतात. गुंठा म्हणजे ३३ बाय ३३, अर्थात १,०८९ चौरस फूट. भागून पाहा, बरोबर २० गुंठे. बहुतेक जण इथे समाधानाने वही मिटतात. पण आपण घेतलं ते उदाहरणच असं होतं, की तिथे सूत्र चुकणं शक्य नव्हतं. ताळा घ्यायचा तो सूत्र मोडेल अशी शंका जिथे येते, तिथे.

त्यासाठी चार काड्या घ्या, दोन आठ सेंटिमीटरच्या, दोन दहाच्या. समान लांबीच्या समोरासमोर येतील अशा ठेवून टोकं दोऱ्याने सैलसर बांधा. कोपरे गुण्यात (काटकोनात) धरले की आयत दिसेल. मग एक कोपरा बोटाने हळूहळू रेटा. चौकट कलते, चपटी होते आणि शेवटी काड्या एकमेकींना चिकटतात. आत जागाच उरत नाही. बाजूंची लांबी मात्र केसभरही बदललेली नाही, म्हणून सूत्र अजूनही ८० चौरस सेंटिमीटर सांगतंय! असं एक उलट उदाहरण सापडलं की सूत्र सगळ्या चौकोनांसाठी खरं नाही हे ठरलं. बाजूने शंभर उदाहरणं असली तरी ती त्याला वाचवू शकत नाहीत.

चूक केवढी पडते तेही पाहा. त्याच शेताचा एक कोपरा ९० ऐवजी ६० अंशांचा असेल, तर खरं क्षेत्र साधारण १७.३ गुंठे भरतं. अडीच गुंठ्यांहून जास्त तफावत! आणि हे सूत्र चुकतं ते नेहमी जास्तीच्याच बाजूला. नांगरटीचे पैसे देणाऱ्याला किंवा जमीन ठेक्याने घेणाऱ्याला ते थेट खिशातून भरावे लागतात. भास्कराचार्यांनी ११५० सालच्या 'लीलावती'त याबद्दल कडक शब्द वापरलेत: लंब किंवा कर्ण न सांगता चौकोनाचं ठराविक क्षेत्रफळ विचारणारा पिशाच, आणि सांगणारा त्याहून मोठा.

म्हणजे एक कर्ण मोजायलाच हवा. त्याने शेताचे दोन त्रिकोण होतात आणि प्रत्येकाला हेरॉनचं सूत्र लावता येतं: तिन्ही बाजूंच्या बेरजेचं निम्मं काढा, त्यातून प्रत्येक बाजू वेगवेगळी वजा करा, ते निम्मं आणि तीन वजाबाक्या अशा चारही संख्यांचा गुणाकार करून वर्गमूळ घ्या. पण हेही नुसतं ऐकून घेऊ नका. एककं पाहा: चार फुटांचा गुणाकार, त्याचं वर्गमूळ, चौरस फूट. ३, ४, ५ च्या काटकोन त्रिकोणात ६ × ३ × २ × १ म्हणजे ३६, वर्गमूळ ६; पाया गुणिले उंचीच्या निम्मेही ६. आता टोकाला जा. बाजू २, ३, ५ घ्या. हा त्रिकोण पार चपटा, आणि सूत्रही शून्य देतं. १, २, ५ घेतल्या तर वर्गमुळाखाली ऋण संख्या येते, कारण असा त्रिकोण निघतच नाही. जिथे उत्तर नसायला हवं तिथे सूत्र उत्तर द्यायला नकार देतं, हे मला फार विश्वासाचं लक्षण वाटतं.

तरीही उदाहरणं जुळणं म्हणजे सिद्धता नव्हे. नाशिकच्या शाळेत शिकवणारे आणि देवळालीत राहणारे द. रा. कापरेकर यांच्या देवळाली संख्या पाहा. कुठल्याही संख्येत तिचेच अंक मिळवून जी संख्या तयार होत नाही, ती देवळाली संख्या. ९, २०, ३१, ४२, ५३... दर वेळी ११ ची भर. १०८ पर्यंत हे बिनचूक चालतं. पुढची ११९ असणार असं कुणीही सांगेल, पण १०९ मध्ये १, ० आणि ९ मिळवले की ११९ तयार होते. ती बाद, खरी पुढची संख्या ११०.

त्यांच्याच ६१७४ ची गोष्ट वेगळी. चार अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत राहा (उत्तर तीन अंकी आलं तर आधी शून्य धरा), जास्तीत जास्त सात फेऱ्यांत ६१७४ येते; चारही अंक सारखे असतील तेवढं सोडून. इथे अंकांचे वेगवेगळे गट अवघे ७०५ आहेत. एक्सेलमध्ये सगळे तपासले की तीच सिद्धता. प्रकरणं मोजकी असतील तर एकूण एक तपासा.

ती अनंत असतील तर अक्षरं वापरा. ३५ चा वर्ग काढायला ३ × ४ = १२ आणि पुढे २५, म्हणजे १२२५, ही युक्ती तुम्हाला ठाऊक असेल. संख्या १०क + ५ धरा. वर्ग येतो १००क² + १००क + २५, म्हणजेच १०० × क × (क + १) + २५. दोन ओळींत ५ ने संपणाऱ्या सगळ्या संख्यांचं काम झालं.

शेतावर टेप घेऊन जाल तेव्हा दोन्ही कर्ण मोजा. समोरासमोरच्या बाजू समान असतील, तर दोन्ही कर्णांच्या वर्गांची बेरीज चारही बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतकी यायला हवी. आपल्या कललेल्या शेताचा छोटा कर्ण सुमारे १५१ फूट येतो, तर मोठा सुमारे २५८ फूट यायला हवा. तो २४० भरला तर सूत्राला हात लावू नका, आधी टेप कुठे ढिला पडला ते पाहा.