दिवाळी अंकाच्या कामाची फोड

दिवाळी अंक काढायचे ठरले की पहिल्याच बैठकीत लेख मागवणे, जाहिराती मिळवणे, छपाई करणे अशी कामांची यादी होते. मात्र ‘लेख मागवणे’ हे काम नेमके कधी संपले, हे त्या यादीवरून कोणालाच सांगता येत नाही. अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र प्रकल्पासारख्या १९५० च्या दशकातील प्रचंड कामांतून जी कार्यविभाजनाची पद्धत रुळली, तिचा भर करण्यापेक्षा हाती पडणाऱ्या वस्तूंवर आहे, आणि आपल्यालाही तोच उपयोगी पडतो.

कागदाच्या माथ्यावर ‘वितरकाकडे पोचलेला अंक’ असे लिहावे. त्याखाली आतील पाने, मुखपृष्ठ, जाहिराती, वर्गणी व वितरण असे भाग येतील. १९२ पानांचा अंक सोळा पानी फर्म्यांत (एकाच मोठ्या कागदावर एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या गठ्ठ्यांत) बसवला की आतील पानांचे बारा फर्मे होतात, आणि ‘मुद्रिते (छपाईपूर्व नमुना पाने) तपासून झालेला पाचवा फर्मा’ ही अशी वस्तू आहे की ती झाली की नाही, यावर वाद संभवत नाही. खालच्या सगळ्या तुकड्यांची बेरीज वरच्या भागाइतकी भरली पाहिजे. काही सुटू नये, काही दोनदा येऊ नये. फोड कुठे थांबवावी यासाठी प्रत्येक तुकडा ८ ते ८० तासांच्या कामाचा असावा असा एक ठोकताळा सांगतात, पण हौशी संपादक मंडळाने तुकड्यासमोर एकाच माणसाचे नाव लिहिता आले की थांबावे, हे मला अधिक व्यवहार्य वाटते.

एका वर्षी आम्ही ‘मलपृष्ठाची जाहिरात’ एवढेच लिहिले होते. पैसे जमा झाले म्हणून संबंधिताने त्यावर खूण केली. जाहिरातीचा मजकूर मात्र आलाच नव्हता. मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ एकाच कागदावर छापले जात असल्यामुळे तयार चित्र चार दिवस छापखान्यात पडून राहिले. तेव्हापासून आम्ही ‘छपाईयोग्य जाहिरात’ असे लिहितो.

फोड पुरी झाल्यावरच कोणता तुकडा कोणासाठी अडतो ते बाणांनी दाखवावे आणि वितरकाच्या तारखेपासून मागे मोजत यावे. असे मोजताना नवख्यांना हमखास चकवणारी एक गोष्ट लक्षात येते: पहिल्या फर्म्यातल्या अनुक्रमणिकेला सर्व पानांचे क्रमांक लागतात, म्हणून पहिला फर्मा छपाईला सगळ्यांत शेवटी जातो.