ताप कितव्या दिवसाचा? स्क्रब टायफस, गोचीड तापाच्या तपासणीत या चुका टाळा

सोलापुरात लॅबमध्ये रक्त घेता घेता माझी २२ वर्षं गेली. पावसाळा सरत आला, बांधावर गवत वाढलं की तापाचे पेशंट वाढतात आणि दरवर्षी त्याच चुका समोर येतात.

सगळ्यात घातक चूक म्हणजे ‘निगेटिव्ह आलं, म्हणजे नाही’ असं धरून चालणं. स्क्रब टायफस म्हणजे बारीक किड्याच्या अळीच्या चाव्यातून होणारा ताप. त्याची आयजीएम एलायझा ही रक्ततपासणी जंतू शोधत नाही, शरीरानं जंतूविरुद्ध तयार केलेल्या अँटिबॉडी शोधते. त्या रक्तात दिसण्याइतक्या व्हायला ताप आल्यापासून साधारण ५ ते ७ दिवस लागतात. तरी लोक दुसऱ्याच दिवशी येतात आणि संध्याकाळी रिपोर्ट हवा म्हणतात.

बार्शीकडच्या एका मावशींचं तसंच झालं. तिसऱ्या दिवशी रक्त मीच घेतलं. स्क्रब निगेटिव्ह, विडाल ही टायफॉइडची रक्ततपासणी १:१६०, म्हणजे वाढलेली. घरच्यांना हायसं वाटलं, टायफॉइडची इंजेक्शनं सुरू झाली. नवव्या दिवशी पुन्हा रक्त घ्यायला वॉर्डात गेलो तेव्हा मावशींना धाप लागली होती, ताप १०३ वर. किडा चावला होता का, विचारलं. म्हणाल्या, “शेरडांपायी रोज गवत कापतीय रं बाळा, काय काय चावतंय, कुठं ध्यानात ठिवू?” सिस्टरनं परकर बदलताना नाडीच्या गाठीखाली पाहिलं. मसुरीएवढी काळी खपली, भोवती लाल कडं, जणू विडीचा चटका. दुखत नाही, खाजत नाही, म्हणून कुणाला सांगितलीच नव्हती. दुसरा नमुना ठणठणीत पॉझिटिव्ह आला. डॉक्टरांनी रिपोर्टची वाट न पाहता खपली बघूनच डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक सुरू केलं होतं. दोन दिवसांत ताप उतरला. आधीची इंजेक्शनं सेफ्ट्रिअॅक्सोनची होती, त्या गटाचं औषध या जंतूवर चालतच नाही.

तेव्हापासून फॉर्मवर ताप कितव्या दिवसाचा आहे ते लिहिल्याशिवाय मी सुई उचलत नाही. पहिला नमुना लवकरचा असेल आणि ताप हटत नसेल तर दुसरा घ्यायलाच हवा. खपली काखेत, जांघेत, स्तनाखाली, कमरपट्ट्याखाली शोधायची. ती अंगावर असली तर तिचा तुकडा पीसीआरला (जंतूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या तपासणीला) उत्तम, पण तो डॉक्टरांनीच काढायचा. आणि खपली नाही म्हणून आजार नाही, असंही नाही.

एकट्या विडालवर टायफॉइड ठरवू नका. आपल्याकडे जुन्या संसर्गानं, लशीनंही ती वर दिसते. टायफॉइडची शंका असेल तर अँटिबायोटिकआधी ब्लड कल्चर पाठवा, त्यात रक्तातले जंतू वाढवून बघतात. ‘कल्चरला दिवस लागतात, विडाल करून टाका,’ हे वाक्य ऐकलं की मला राग येतो. घाई पेशंटला परवडत नाही.

स्क्रब निगेटिव्ह आलं म्हणून गोचीड ताप नाही, असं होत नाही. दोन्हींचे जंतू वेगळे. स्क्रब पसरवते माइट नावाच्या किड्याची अळी, नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारी. गोचीड ताप गोचिडीच्या चाव्यातून येतो. तळहात-तळपायांवर पुरळ आलं असेल तर डॉक्टरांना आवर्जून दाखवा. या दोन्हींसाठी केली जाणारी वाइल-फेलिक्स ही रक्ततपासणी स्वस्त आहे, पण तिच्यात खरे रुग्ण बरेच निसटतात. तिच्या रिपोर्टमधल्या आकड्यांत ओएक्स-के हा स्क्रबचा, ओएक्स-१९ आणि ओएक्स-२ हे गोचीड तापाकडे बोट दाखवणारे. एकच आकडा बघून मोकळं होऊ नका.

बरं झाल्यावर ‘निगेटिव्ह झालं का’ म्हणून पुन्हा आयजीएम करू नका, ती कित्येक महिने पॉझिटिव्ह राहू शकते.

हल्ली मोबाइलवर वाचून लाइमची तपासणी मागणारेही येतात. लाइम हा गोचिडीतूनच होणारा, पण मुख्यतः अमेरिका-युरोपच्या गार जंगली पट्ट्यातला आजार. त्याची तपासणी दोन टप्प्यांची: आधी एलायझा, ती पॉझिटिव्ह किंवा संशयास्पद आली तरच पुढे वेस्टर्न ब्लॉट ही खात्रीची तपासणी. सोलापूर सोडून कुठं न गेलेल्या माणसाची एलायझा चुकून पॉझिटिव्ह येण्याचीच शक्यता जास्त. मग महिनाभर घरदार धास्तावून बसतं. तिकडच्या जंगलातून फिरून आला असाल आणि गोल वाढत जाणारा लाल चट्टा उठला असेल, तर लॅबमध्ये येण्याआधी तो चट्टा डॉक्टरांना दाखवा. त्या वेळी रक्त बहुधा निगेटिव्हच येतं, आणि निदान चट्ट्यावरूनच होतं.